पलंगाखालचा वाडगा

"वळवळतायत बघा!" वाडगेबाबाने वाडगा उंच धरला. पाण्यात बारीक किडे होते. गर्दीने हात जोडले.

"हा ताप. अंगातून उतरून पाण्यात पडला. वाडगा पलंगाखाली ठेवा. झाकू नका, सांडू नका. आणि गोळी दिलीत, तर ताप परत आत शिरेल!"

ताप नव्हे, रुसका जावईच जणू.

तसाच वाडगा आमच्या पुतणीच्या पलंगाखाली होता. तिला दिवसाआड थंडी वाजून ताप भरायचा. दवाखान्याच्या गोळ्या तिच्या आईने, माझ्या धाकट्या जाऊबाईंनी, फळीवर टाकल्या होत्या.

"अगं, दे त्या पोरीला."

"ताई, किडे डोळ्यांनी पाहिलेत ना?"

पाहिले होते. गोळ्या फळीवरच राहिल्या.

ताप नसला की पोर पलंगावरून डोकं खाली सोडून वाडगा बघत पडायची. एका सकाळी म्हणाली, "काकू, माझा आजार उडाला. पंख फुटले त्याला. पप्पांच्या उशीवर बसलाय."

उशीवर डास होता.

यांनाही पंख फुटतात का बघायला मी उरलेले किडे पाण्यासकट बरणीत भरून वर अस्तराचं कापड बांधलं. मग आठवलं, इस्त्रीसाठी शिंपडायच्या पाण्याचा माझा वाडगा शिलाई मशीनखाली विसरलाय. वाकून पाहिलं. तेच किडे! मशीनला कुठला ताप?

दुसऱ्या दिवशी बरणीत डास भणभणत होते. मी ती बाबापुढे ठेवली.

"कोंडलंत ना? मग चिडून पंख काढणारच!"

"आणि मशीनखालचे?"

"आजाऱ्याचे कपडे शिवले असतील."

"फार शहाण्या झालात बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. माझ्याबरोबर आलेल्या जाऊबाई हसल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी फळीवरच्या गोळ्या काढल्या.

उशीर झाला होता. पोर शुद्धीवर नव्हती. आम्ही तिला इस्पितळात नेलं, पण ती परत आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "किडे म्हणजे डासांची पिल्लं, ताप नव्हे. तापाचे जंतू रक्तात असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. डास आजाऱ्याला चावतो, जंतू पोटात घेतो आणि काही दिवसांनी दुसऱ्याला चावून त्याच्यात सोडतो. गोळ्यांनी जंतू मरतात. पण गोळ्या वेळेवर हव्यात, पुऱ्या हव्यात."

म्हणजे आम्ही लेकराच्या पलंगाखाली डास पाळत होतो. दीरही तापाने पडले. त्यांची मात्र एकही गोळी चुकली नाही.

बाबाने गल्लीत पसरवलं, "गोळी दिली म्हणून पोर गेली." निम्म्या गल्लीला ते पटलंही.

जाऊबाई कुणाशी भांडल्या नाहीत. घरोघरी शिरल्या, पलंगाखाली वाकल्या आणि वाडगे मोरीत पालथे करत सुटल्या. मी मागे होते. शेवटच्या घरात एक सासू किंचाळली, "अगं मेले, सुनेचा ताप सांडलास!"

"ताप पलंगाखाली नाही, पलंगावर आहे," जाऊबाई म्हणाल्या. "पाणी मी सांडलं. शिव्या मला द्या. गोळी तिला द्या."