सहा झाडं सेलरीची

मोरेश्वरकाका राणीखेतला मिलिटरीच्या ऑफिसात कारकून आहेत. पोळ्याला सुटीवर सौंसरला आमच्या घरी आले की करंज्या कमी खातात आणि तिथल्या भाज्यांचं वर्णन जास्त करतात. तिथं कोबी भर मे महिन्यात गड्डा धरतो. तिथं मटार कोवळा राहतो. तिथं सेलरी होते. शहाऐंशी साली त्यांनी सेलरीचं बीच आणलं, कागदाच्या पुडीत, ओव्याहूनही बारीक.

"हे तं फुंकरीनंच उडून जाईन, बाप्पा," आई म्हणाली.

झाड सांभारासारखं, म्हणजे कोथिंबिरीसारखं दिसतं, काकांनी सांगितलं, पण दांडे चांगले अंगठ्याएवढे होतात आणि तेच खायचे, कच्चे, काकडीसारखे. "पण सौंसरले नाही व्हाची, वहिनी. याले थंडी पाह्यजे. तुमच्या इथं संत्रे होते, तेच खा."

"मी लावते," मी म्हणाले.

आदल्या वर्षी मी असं मधेच बोलले नसते. पण आता मी दहावीत आले होते, वादविवादात पहिली आले होते, आणि माझा आवाज मलाच आवडायला लागला होता. म्हणून पुढचंही बोलून टाकलं. "अन् झाली, तर अकरावीत मी पांढुर्ण्याला जाईन. बायोलॉजी घ्यायला."

आमच्या शाळेत मुलींसाठी अकरावीला बायोलॉजी नव्हतं. पांढुर्ण्याला होतं, आणि तिथं सुनंदाआत्या राहते. दोन महिने मी बाबांना विचारत होते आणि दोन महिने ते "पाहू" म्हणत होते. "पाहू" म्हणजे नाही, हे आमच्या घरी मांजरालाही कळतं.

बाबा हसले. "बरं, लागली शर्त. दांडे आले तं जाय."

"दांडे कसेही आले तं चालणार नाही, दादा," काका म्हणाले. ते बाबांचे लहान भाऊ, पण पंच व्हायला त्यांना फार आवडतं. "मोडला की कचकन आवाज आला पाह्यजे. मी शिमग्याले येतो. मीच मोडून पाहीन."

आता बाबांबद्दल सांगते. त्यांचं नाव रघुनाथराव, आणि रामाकोन्याला आमची संत्र्याची बाग आहे. संत्र्याला बहार यावा म्हणून आधी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड तहानेनं मलूल होतं. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की ते फुलांनी पांढरं होतं. दोन दिवस आधी सोडलं तर फूल कमी, चार दिवस उशिरा सोडलं तर झाडच जायचं. हा नेमका दिवस विचारायला तिगावपर्यंतचे लोक बाबांकडे येतात. बाबा मातीचं ढेकूळ हातात चुरतात, एखादं पान दुमडून पाहतात आणि म्हणतात, "अजून चार दिस." त्यावर कोणी वाद घालत नाही.

मी बी रात्रभर भिजवून खोक्यात पेरलं, वरून माती न टाकता, कारण काकांनी तसंच सांगितलं होतं. वीस दिवस काही झालं नाही. बागेतले म्हातारे कवडूबाबा डोकावून म्हणाले, "पोरी, माती रांधून राहिली का व?" एकविसाव्या दिवशी हिरवे ठिपके आले. दिवाळीनंतर त्यातली सहा रोपं मी परसात, न्हाणीच्या मागे लावली, जिथं दुपारनंतर सावली येते. रोज सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी. पालक, मुळा, मेथी शेजारीच होते, आणि ते इतके भराभर वाढले की सेलरी त्यांच्यापुढे आजारी वाटायची. पण थंडी पडली तशी तीही सरसावली. दांडे बोटाएवढे झाले. मी त्यांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले, म्हणजे ते कोवळे राहतात. आई म्हणे, "झाडायले मफलर घातले पोट्टीनं."

नाताळच्या सुटीत आमचा गाइडचा कॅम्प पचमढीला गेला, दहा दिवस. मी जायच्या आधी बाबांना परसात नेऊन सगळं समजावलं. "रोज दोन झाऱ्या. विसरायचं नाही."

"मले शिकवून राहिली?" बाबा म्हणाले. पण चिडले नव्हते.

पचमढीला सकाळी गवतावर पांढरं दव असायचं. तिथल्या एका बागेत मी कोबी पाहिला, आमच्या हंड्याएवढा. माळ्याला दहा प्रश्न विचारले. अकराव्याला तो आत निघून गेला.

परत आले तर झाडं जिवंत होती, माती ओली होती आणि प्रत्येक झाडाभोवती सुबक आळं केलेलं होतं, शेणखत घालून. मला बरं वाटलं. झारी उचलली तर तिच्या तोंडात कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते मी बोटानं पुसलं आणि पाणी भरायला गेले. तेव्हा आणखी काही डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत प्रत्येक झाडाच्या मधून एक उंच, कडक कांडी वर निघाली. तिच्या टोकाला बारीक पांढरी फुलं. बाबा रोज बागेत जायच्या आधी ती पाहून जायचे, आणि खुशीत दिसायचे.

काका शिमग्याच्या आदल्या दिवशी आले. चहा झाला आणि आम्ही सगळे परसात गेलो. काकांनी सर्वांत जाड दांडा निवडला, मोडला. आवाज आला नाही. दांडा वाकला आणि सुतळीसारख्या धाग्यांवर लोंबत राहिला. त्यांनी दुसरा मोडला. तो आतून पोकळ होता. चावून पाहिला आणि थुंकला.

"कडू जहर. नलू, शर्त गेली बेटा. मी सांगितलं होतं ना, हवा वेगळी."

"काहून झालं असं?" बाबांनी विचारलं. काकांना नाही, मला.

मी खाली बसले. मला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण आई पुढे आली. पण मी दांडे पाहत होते. आतले पाचसहा दांडे बारीक होते आणि बाहेरचे पोकळ. सगळ्या सहा झाडांचं सारखंच. थंडीनं किंवा उन्हानं असतं तर ते सुरुवातीपासूनच दिसलं असतं. पण डिसेंबरपर्यंत हेच बाहेरचे दांडे रसरशीत होते, मी मोजत होते. मग मला झारीतलं जाळं आठवलं.

"हवेनं नाही झालं," मी म्हणाले. "हे पाण्यानं झालं. मी नव्हते तेव्हा याला दहा दिवस पाणी नव्हतं. मग मी यायच्या आधी एकदम बादलीनं दिलं, खतासकट." पुढचं बोलायचं की नाही, याचा विचार केला आणि बोलले. "बाबा, तुम्ही ताण दिला."

बाबांना असं कोणी सांगत नाही, आणि धाकट्या भावासमोर तर नाहीच.

"मी म्हटलं होतं," आई हळूच म्हणाली. "झारीले हातही लावू नाही देला मले."

"बहार यावा म्हणून देला," बाबा म्हणाले. "तुह्याचसाठी देला. एवढी फुलं आली, पाह्य."

"संत्र्याचं फूल पाहिजे असतं, कारण फुलाचं फळ होतं. याचं फूल नाही पाहिजे. ताण पडला की याला वाटतं आता मरतो, मग ते घाईनं फुलावर येतं. सगळा जीव कांडीत जातो, दांडे रिकामे होतात."

"हे तुले कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. संत्र्याचं सांगताना."

बाबांनी एक कांडी हातात धरली, फुलं पाहिली, मग वाकून लोंबणारा दांडा पाहिला. मातीचं ढेकूळ उचलून चुरलं, सवयीनं. "चारच दिवस पाणी तोडलं असतं तं?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"एकही नाही," बाबा म्हणाले, काकांकडे पाहून, जणू काकांनीच चूक केली होती. काका शेवटी पंच होते. ते म्हणाले, "शर्त मात्र..."

"शर्तीचं पाहू," बाबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले. ते "पाहू" ऐकून मी आत जाऊन गणिताची वही उघडली. बोर्डाची परीक्षा होतीच. दोन गणितं चुकली.

संध्याकाळी बाबांनी हाक मारली. बाबांची सगळी पत्रं मीच लिहिते, कारण त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नाही. त्यांच्या पुढ्यात एक कोरं पोस्टकार्ड होतं.

"लिही. सौ. सुनंदास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. नलू जूनपासून तुझ्याकडे राहून अकरावी करेल. बायोलॉजी घेईल."

माझा हात थांबला.

"लिही, लिही. तिच्या जेवणाचे बघावे. ती तुझ्या परसात काही लावेल." बाबांनी बाहेर पाहिलं. खिडकीतून सेलरीच्या कांड्या दिसत होत्या. "लावेल तर पाणी तिचं तिला घालू द्यावे. आपण हात लावू नये."

ते मी जसंच्या तसं लिहिलं.