राखेचं तेज

महेंद्रच्या मुलीचं, रश्मीचं, नाव ठेवलं ते साल २००६. त्याच दिवशी महेंद्रच्या डाव्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला. पंधरवड्यात पुण्याला त्याच्या डोक्यातली गाठ काढली आणि त्या उन्हाळ्यात त्याचे वडील ज्ञानदेव आयुष्यात पहिल्यांदा एका बाबाच्या रांगेत उभे राहिले.

रांग शिरूरला, घोडनदीच्या काठावर. दर गुरुवारी हजारभर माणूस. कुणी टेम्पोत झोपवून आणलेलं, कुणी लेकाच्या पाठीवर. बाबा धुनीमागं बसून राखेच्या पुड्या वाटायचे आणि तोंडाची टकळी चालू ठेवायचे.

"आम्ही काय करतो? काय न्हाई. रोग राखंला बघतो आन् लाजून निघून जातो. फकस्त दवाखान्याची गोळी पोटात नको. राख रुसती."

लाजणारा रोग आणि रुसणारी राख. एरवी ज्ञानदेव हसले असते. धम्मदीक्षा घेतलेल्या बापाचा हा मुलगा. बुवाच्या दारात जायचं नाही, हे त्या घरात सांगावं लागत नव्हतं.

पण दवाखान्यात डॉक्टरीणबाई खरं बोलल्या होत्या. गाठ पुरती निघालेली नाही, ती पुन्हा वाढणार. सहा आठवडे किरणांचा शेक घ्यायचा आणि जोडीला एक गोळी. गोळी बघून सून राजश्री भडकली. ती हिवतापाची गोळी होती. आरोग्य केंद्राचा माणूस तीच दारोदार फुकट वाटायचा.

"मामा, डोक्यात कॅन्सर आन् गोळी हिवतापाची. येडं समजत्यात आपल्याला."

"औषध जुनंच आहे," बाई म्हणाल्या. "बाहेरदेशी थोड्या पेशंटना या रोगावर देऊन बघितलंय, काहीजण जास्त दिवस जगले. ह्यांना गुण येईलच असं मी म्हणणार नाही. हवं ते विचारा, मग सही करा."

'गुण येईलच असं नाही' एवढंच राजश्री घरी घेऊन आली. शेकाची तारीख आठ दिवसांवर असताना महेंद्रचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, हात लुळा पडला. शेजारची साखरबाई म्हणाली, "माजं गुडघं बगा. उकिडवं बसवत न्हवतं, आता जात्यावर बसते. बाबा खात्री देत्यात." ज्ञानदेवांनी मान खाली घातली आणि शिरूरची एसटी धरली.

राख सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी महेंद्रनं त्याच हातानं रश्मीला उचललं. सगळी आळी बघायला आली. राजश्रीनं हिवतापाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. शेकाची तारीख गेली.

तिसऱ्या महिन्यात डोकं पुन्हा ठणकू लागलं. जास्त जोराची राख मागायला ज्ञानदेव एकटेच गेले. रांग लांब होती, करायला काही नव्हतं, म्हणून ते तोंडं बघत उभे राहिले. पुढं शिक्रापूरचा दमेकरी ड्रायव्हर, त्याच्यापुढं अंगाला खाज सुटणारी बाई, मागं आपल्या पुडीसाठी आलेली साखरबाई. तिघांचे गाल फुगलेले, तोंड भाकरीसारखं गोल. घरी महेंद्रचंही तसंच झालं होतं.

"साखरबाई, तुमचं तोंड असं कवापासनं?"

"बाबांचं तेज हाय ते," ती कौतुकानं म्हणाली.

दमा, खाज, गुडघे आणि डोक्यातली गाठ. चार आजार, आणि तेज मात्र एकसारखं. ज्ञानदेवांनी पुडी उघडली नाही. ती घेऊन ते कुरकुंभला महेंद्रचा मित्र संघर्ष याच्याकडे गेले. तो तिथं औषधाच्या कारखान्यात तपासणीला होता.

संघर्षनं राख द्रावणात घोळली. काचेच्या पट्टीवर राखेचा एक ठिपका दिला, शेजारी एका ओळखीच्या गोळीचा. पट्टीचं टोक द्रावणात उभं केलं. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर चढले, म्हणजे औषध एकच.

"मामा, ही स्टिरॉइडची गोळी कुटून घातलीय. सूज उतरवती, पण रोज घेतली की तोंड फुगवती. गाठीभवतालची सूज उतरली, म्हणून हात उचलला. गाठ तिथंच र्‍हायली. आन् ऐका, हे एकदम तोडायचं न्हाई. शरीर कोसळतं. डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायचं."

"म्हंजी बाबानंबी जुनंच औषध दिलं."

"व्हय. पण न सांगता."

ज्ञानदेव तिथून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी ते धुनीसमोर उभे राहिले. "एकमेकांची तोंडं बगा," ते म्हणाले. "वेगळ्या आयांची लेकरं तुमी, मग तोंडं सारखी कशी?" सोबत आलेल्या संघर्षनं दोन ठिपक्यांची पट्टी रांगेत फिरवली.

बाबा म्हणाले, "अविश्वासी माणसाला राख फळत न्हाई."

"मग कडू का लागती, महाराज? चुलीतली राख कडू न्हाई लागत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ढकलाढकली सुरू झाली, धुनी विस्कटली, मागच्या खोलीत गोळ्यांचे डबे आणि खलबत्ता सापडला. बाबा कधी निसटले ते कळलं नाही. ज्ञानदेव ओरडून सांगत होते, "एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा." त्या गोंगाटात ते फार थोड्यांनी ऐकलं. रात्री ते साखरबाईच्या दारात गेले. तिनं कडी लावून घेतली. "माजा देव पळवला तुमी," ती आतून म्हणाली.

महेंद्रचा शेक उशिरा सुरू झाला. राजश्री आता रोज स्वतःच्या हातानं त्याला हिवतापाची गोळी द्यायची. त्या गोळीनं किती दिवस दिले, की दिलेच नाहीत, हे बाईंना सांगता आलं नाही. तसं त्या स्पष्ट म्हणाल्या आणि वहीत लिहून ठेवलं, पुढच्या पेशंटच्या कामाला येईल म्हणून.

आता कुणी विचारलं तर ज्ञानदेव थोडकंच बोलतात. औषध देणाऱ्याला विचारा, ह्यात काय हाय. सांगत नसंल तर उठा. वर खात्री देत असंल तर लवकर उठा. आन् चमत्कार एकट्यानं बघू नका, शेजारच्याचं तोंडबी बगा.

साखरबाईची राख संपली. ती दवाखान्यात गेली नाही. २४ ऑगस्ट २००६ रोजी ती घरातच कोसळून वारली. महेंद्र १२ जून २००७ रोजी, मंगळवारी सकाळी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला.