शेवटपर्यंत फुंका

बाइंडरांनी श्वास मोजायच्या यंत्राची नळी तोंडातून काढली, नाकावरचा चिमटाही उपटला.

"निम्म्यातच सोडलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुप्फुसं रिकामी होईपर्यंत फुंकायचं. परत एकदा."

"यांचं सगळं निम्म्यातच," शेजारून बायको म्हणाली. "खोकला तेवढा रात्रभर पुरवून पुरवून."

बाइंडर उठून खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. जन्मभर पुस्तकं बांधता बांधता ओढलेल्या सिगारेटी आज या यंत्रात दिसणार, ही धास्ती त्यांना सकाळपासून होती.

"खोकला कधीपासून आहे?"

"दोन हिवाळे झाले," उत्तर बायकोनेच दिलं. "पहाटे जास्त. उशी उंच घेतली की कमी. कफ पांढरा."

"काकू, त्यांना बोलू द्या की."

"ते काय सांगणार? त्यांना स्वतःच्या चष्म्याचा पत्ता नसतो."

दुसऱ्या खेपेलाही बाइंडरांनी अर्ध्यातच तोंड काढलं.

"अहो, लहान मूल फुगा फुगवतं. द्या इकडे, मी दाखवते," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हसत नळी बदलली. बायकोने छाती भरून श्वास घेतला आणि ओठ आवळून फुंकलं. पडद्यावरची रेघ जराशी चढली आणि लगेच खचली. तिला ठसका लागला.

"आता कळलं?" बाइंडर खुशीत आले. "म्हणे फुगा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"काकू, परत फुंका बरं."

रेघ पुन्हा तशीच खचली.

"तुम्ही सिगारेट ओढता?"

"छे, मी कुठली ओढतेय? मी यांच्याशेजारी बसून छापील कागदांच्या घड्या घालायचे. खिडकी बंद लागायची. उघडली की कागद उडायचे."

बाइंडर हातातला चिमटा उघडत होते, मिटत होते.

"जिना चढताना दम लागतो?"

"मला? यांनाच विचारा."

दोघी बाइंडरांकडे पाहू लागल्या. जिन्यावर ते नेहमी पुढे असत. कुलूप काढून, दिवा लावून, चपला जागेवर ठेवून ते खुर्चीत टेकले, की मग ती दारात येई. मधल्या वेळात ती कुठे असते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"बघा," बायको डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "लागत असता तर यांना कळलं नसतं का?"