दोन गावांची एक नोंद

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात झिपरू पाटलाची केळी कापून बांधावर पडली आणि ट्रक आलाच नाही. तो गेला शिरपूरकडे, धुळे कचेरीनं नोंदवलेल्या दुसऱ्याच शेतकऱ्याकडे. जळगाव आणि धुळे अशा दोन कचेऱ्या असलेल्या केळी वाहतूक संघाचे अध्यक्ष रुपचंदनाना भडकले. सकाळीच धुळ्याशी फोनवर बोलून त्यांनी तो ट्रक झिपरूकडे वळवला होता. जळगावच्या संगणकात तशी नोंदही केली होती. संध्याकाळी ती दोन्हीकडून नाहीशी झाली.

हा सगळा व्याप सुकदेवचा. भौतिकशास्त्र शिकलेल्या या पोरानं दोन्ही कचेऱ्यांतली माहिती सारखी ठेवायची युक्ती काढली होती. दिवसभरात बदललं तेवढंच फ्लॉपीवर भरायचं, एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं, पलीकडे मिसळायचं. एकाच ट्रकच्या दोन नोंदी निघाल्या, तर नंतरच्या वेळेची खरी.

"सुकदेव, तुना मशीननी मना शब्द खाई टाका," नाना म्हणाले. "शनिवारपावत कारण सांग. नही ते दोन्ही डबा इकी टाकसू."

संगणक विकले गेले, तर सुकदेवची सगळी मेहनत वाया. प्रोग्रॅम ओळीन् ओळ तपासला, चूक सापडेना. मग धुळ्याच्या लोकांनीच काहीतरी केलं, असं मनात धरून तो तडक धुळ्याला गेला.

तिथल्या कारकून कुंदाबाईंवर त्यानं आल्या आल्या आरोप ठेवला. त्या हसल्या. इतक्या उशिरा येऊन वर भांडायचं, असं म्हणत त्यांनी भिंतीकडे बोट केलं. सुकदेवनं मनगटावर पाहिलं. उशीर झालाच नव्हता.

भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलेलं होतं. शिंदखेड्याची गाडी कुणाची चुकू नये म्हणून. आणि संगणकाची वेळ कुंदाबाईंनी त्यावरूनच लावली होती. धुळ्याची नोंद नानांच्या फोनच्या आधीची असूनही नंतरची ठरली होती.

"मग मागे करू का?" कुंदाबाईंनी विचारलं.

"नको अक्का. उद्या दुसरं कुणी पुढे करील."

परतीच्या गाडीत तो नवा नियम जुळवू लागला. घड्याळावर भरवसाच कशाला? प्रत्येक ट्रकच्या नोंदीला क्रमांक द्यावा, दर बदलाला तो वाढावा. बदल करणाऱ्यानं कोणत्या क्रमांकावरून तो केला, तेही सोबत जावं. दोन्ही कचेऱ्यांचे बदल एकाच क्रमांकावरून निघाले असतील, तर कुणीच नंतरचा नाही. मग संगणकानं निवडायचं नाही. थांबायचं.

शनिवारी त्यानं झिपरूच्याच ट्रकच्या दोन्ही नोंदी पुन्हा मिसळून दाखवल्या. पडदा थांबला. दोन्ही नावं शेजारी आली, खाली प्रश्न: कोणतं ठेवू?

नाना पडद्याजवळ वाकले.

"म्हणजे हाऊ आमलेच इचारी?"

"हो नाना. त्याला माहीत नसेल तेव्हा विचारील."

नानांनी झिपरूचं नाव ठेवायला लावलं. "चांगलं शे. राहू दे डबा."

सुकदेव फ्लॉपी काढायला वळला. तोच नाना म्हणाले, दिवाळीनंतर भडगावलाही एक बसवायचा. सुकदेव हो म्हणाला आणि कागद ओढून तीन गावांच्या मधे बाण काढू लागला. भडगावची फ्लॉपी आधी धुळ्याला गेली आणि जळगावला तो बदल कळलाच नाही तर? पहिलाच बाण त्यानं खोडला.