दसऱ्याची होडी

आमच्या सासरच्या घरात घोड्याशिवाय कुणाला कशातलं कळत नसे, आणि घोडे तर मामंजींबरोबरच संपले. उरला तबेला, भिंतीवरची खोगिरं आणि घराण्याचे रिवाज. रणसिंगपेटेतल्या त्या रिकाम्या तबेल्यात १९५८ च्या पाडव्याला आमच्या ह्यांनी शिडाची होडी आणून ठेवली, तेव्हा सगळी गल्ली हसली. मीही हसले असते, पण होडी कशासाठी आणली ते मला माहीत होतं.

मालोजी आमचा एकुलता एक. हलसूरच्या तळ्यावर हॉब्स नावाचा एक म्हातारा इंग्रज दर रविवारी ही होडी घेऊन फिरायचा. कॉलेजात असताना मालोजी त्याच्या हाताखाली जायला लागला. साहेबानं त्याला शीड चढवायला शिकवलं, वारा ओळखायला शिकवलं, आणि आमच्या पोराचं घरातलं लक्ष उडालं. त्यानं आम्हाला न विचारता जहाजावरच्या शिक्षणासाठी अर्ज केला आणि त्याची निवडही झाली. जूनमध्ये मुंबईला हजर व्हायचं होतं. यंदा गेला तर गेला, पुढच्या वर्षी तो वयात बसत नव्हता.

घरात सुतक असल्यासारखं झालं. हे जेवेनात, मी रडायची थांबेना. तेवढ्यात साहेब ऑस्ट्रेलियाला जायला निघाला आणि त्यानं होडी विकायला काढली. जुनी पण देखणी, सबंध सागवानी, आत दोन माणसं आडवी होतील एवढी जागा. हौसेला मोल नाही म्हणतात. भीतीलाही नसतं. ह्यांनी ती घेतली.

"तुला पाणीच पाहिजे ना?" हे मालोजीला म्हणाले. "बेळ्ळंदूरचं तळं काय लहान आहे? आपल्या येसाजीचा मळा काठावरच आहे. शनिवारी जाऊ, होडीतच निजू, रविवारभर हिंडू. मीपण येतो. मला शिकीव."

ह्यांनी मुलाला काही शिकव म्हणावं, हे त्या घरात आधी कधी झालं नव्हतं. मालोजी बराच वेळ होडीच्या कडेवरून हात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "सरी, अप्पा. बरं, राहतो."

मी देवापुढे साखर ठेवली.

आता ती होडी पाण्यात घालायची, एवढंच होतं. मालोजी म्हणाला, उद्याच नेऊ. साहेबानं बजावलंय, लाकडी होडी फार दिवस पाण्याबाहेर ठेवायची नाही, फळ्या आकसतात. पण ह्यांनी मान हलवली. नवा घोडा दसऱ्यालाच पहिल्यांदा चढायचा, हा आमच्या घराचा रिवाज. खंडेनवमीला पूजा, दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला स्वारी. होडी झाली म्हणून काय झालं, वाहन ते वाहन.

"दसरा म्हणजे अजून सगळा उन्हाळा आणि पावसाळा, अप्पा."

"स्वल्प थांब रे. एवढी उमदी चीज चिखलात ठेवून कुजवायची आहे का?"

रिवाज होता हे खरं. पण तो ह्यांना तेव्हा सोयीचाही होता, हे मी आता बोलायला कुणाला भीत नाही. दसऱ्यापर्यंत जून उलटून जाणार होता.

पुढचे महिने ह्यांनी होडीची जी बडदास्त ठेवली, ती माझी बाळंतपणातसुद्धा ठेवली नाही. तबेल्याचा पत्रा तापायचा आणि हे खाली बसून खोगीर पुसतात तसे तिला फडक्यानं पुसायचे. वरून जवसाचं तेल, पितळेला चिंच. पावसाळ्यात पत्रा गळायला लागला, तर गळक्या जागेखाली घरातली सगळी घंगाळी मांडली, होडीला थेंब लागू नये म्हणून. आमच्याकडे वस्तू जपायची म्हणजे कोरडी ठेवायची. चामडं, लोखंड, तलवार, सगळ्यांना तेच लागू. ह्यांचं काय चुकलं? हे जीव लावून जपत होते.

मालोजी अधूनमधून तबेल्यात यायचा आणि फळ्यांच्या सांध्यांत नख घालून बघायचा. सुरुवातीला नख जात नव्हतं. श्रावणात आख्खं गेलं. "अप्पा, नुसतं ओलं पोतं तरी टाकू द्या," तो म्हणाला. हे म्हणाले, "पॉलिश जाईल." त्यानंतर तो यायचा बंद झाला. जून केव्हाच गेला होता.

दसऱ्याला ह्यांनी सगळा गोतावळा बेळ्ळंदूरला बोलावला. सोयराअक्का, म्हणजे माझी मोठी जाऊ, तिच्या सुना, व्याही, येसाजीच्या मळ्यातली माणसं. होडी बैलगाडीतून काठावर उतरवली. झेंडूच्या माळा, नारळ, कुंकू. ह्यांनी मामंजींचा फेटा बांधला होता.

मालोजीनं ह्यांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. "अप्पा, आज बसू नका. नुसती काठाला बांधून पाण्यात सोडू. ती पाणी घेईल, बुडाली तर बुडू दे. लाकूड फुगलं की सांधे आपोआप मिटतात. मग काढू."

"लोक बघायला आलेत," हे म्हणाले. "त्यांना काय होडी बुडवून दाखवू?"

आणि तेच दाखवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. हे फेटा सांभाळत आत चढले, मालोजी शिडाशी उभा राहिला, गड्यांनी ढकललं. काठापासून दोन-चार वाव गेली असेल, तोच चाळणीतून यावं तसं सगळ्या सांध्यांतून पाणी आत आलं. झेंडू तरंगायला लागले. हे कमरेएवढ्या पाण्यात उभे, आणि होडी त्यांच्या पायाखालून खाली बसली. पोरंटोरं हसली. सोयराअक्का म्हणाली, "दृष्ट लागली गं, दुसरं काही नाही."

मालोजीनं ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं. मग परत जाऊन शीड सोडवलं, पिळलं, गवतावर नीट पसरलं. आपटा न लुटताच तो घरी निघाला. त्यानं आरडाओरड केली असती, तर मला बरं वाटलं असतं.

होडी तळ्यातच राहिली, पुढे हे तिचं नाव काढेनात. मालोजीला सोयराअक्काच्या भावानं यशवंतपूरला मालधक्क्याच्या कचेरीत चिकटवलं. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, पानात पडेल ते जेवायचा. रविवारी भिंतीकडे तोंड करून निजायचा. शेजारणी म्हणायच्या, पोरगा मार्गी लागला. मी हो म्हणायची, आणि आत येऊन चुलीपुढे रडायची.

संक्रांतीच्या सुमाराला येसाजी आला. "अण्णा, तुमची होडी," तो ह्यांना म्हणाला. "पाण्यात बसून बसून लाकूड फुगलं. आम्ही दोर लावून वर काढली, पाणी उपसलं. आता थेंब आत येत नाही. झकास तरंगते."

वरातीमागून घोडं. पण ह्यांचा चेहरा मी लग्नातसुद्धा तेवढा फुललेला पाहिला नव्हता. रविवार उजाडायच्या आत हे तयार. शीड गुंडाळून दारात, पिशवीत भाकरी आणि शेंगांची चटणी. मालोजीच्या खोलीत मात्र स्वतः गेले नाहीत. मला पाठवलं.

तो जागाच होता. मी म्हटलं, "ऊठ बाळा. होडी चांगली झाली. अप्पा वाट बघतायत. त्यांना शिकव."

"मला ठाऊक होतं ती चांगली होईल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते.

"मग चल की. माझ्यासाठी चल."

तो माझ्याकडे वळला. "आई, मी राहिलो ना इथे? तुम्ही म्हणालात तसा राहिलो. आता आणखी काय पाहिजे?"

मला मुलगा घरात हवा होता, आणि तो घरात होता. मी त्याचं पांघरूण सारखं केलं. तो पुन्हा भिंतीकडे वळला.

बाहेर हे बूट घालून पायरीवर बसले होते. "येतोय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. हे तसेच बसून राहिले, ऊन अंगणात उतरेपर्यंत. बूट काढा, असंही मला त्यांना म्हणवलं नाही.