नेटिव्ह ड्रम्स

व्यंकोजी गोंधळ्यानं देवीचं संबळ गिटारवाल्या पोरांशेजारी उभं राहून वाजवलं, हा त्याचा गुन्हा. साल १९७३. बंगळूरच्या कॉक्स टाऊनातल्या चार पोरांचा रॉक बँड होता. त्यांनी मद्रासला जाऊन एक छोटी रेकॉर्ड काढली, आणि तिच्यातल्या एका गाण्यात व्यंकोजीच्या संबळानं गिटारला पळता भुई थोडी केली. रेकॉर्डवर चार पोरांची नावं छापली. व्यंकोजीचं नाही. त्याच्या जागी दोन शब्द: नेटिव्ह ड्रम्स. माणूस गेला, वाद्याचं नावही गेलं.

रेकॉर्ड कुणी विकत घेतली नाही, पण समाजाच्या कानावर बरोबर गेली. बंगळूरच्या मराठ्यांचे पुढारी अप्पासाहेब. त्यांनी फर्मान काढलं, "आईचं वाद्य दारुड्यांत नाचवलं. याला गोंधळाला बोलवायचं नाही."

लग्न झालं की कुलदेवीचा गोंधळ घालायचा, ही तिथल्या घरांची रीत. तीनशे वर्षांत भाषा अर्धी कन्नड झाली, रीत सुटली नाही. आणि त्या गोंधळात पाच पिढ्या उभं राहिलेल्या घराला एका दिवसात सगळे विसरले. ज्यांच्या आजोबांच्या हळदीत व्यंकोजीचा आजा घसा फोडून गायला, ते लोक त्याला बघून रस्ता ओलांडायला लागले. व्यंकोजी आनेकलच्या कारखान्यात बोल्ट घासायला लागला. बावीस वर्षं.

मग सिद्धी आली. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, कोरमंगलात भाड्याची खोली. जुन्या बाजारात तिला ती रेकॉर्ड सापडली. लावली आणि उठून बसली. हे संबळ आहे, आपल्या घरच्या गोंधळातलं. चार महिने शोधत हिंडली. बँडमधला एकजण आता विमा विकत होता. त्याला फक्त 'वेंकी' आठवत होता आणि जयनगर.

दार मथुरानं उघडलं, व्यंकोजीच्या बायकोनं.

"कोण पाहिजे अक्का?"

"नेटिव्ह ड्रम्स."

मथुरानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ते अंघोळ करायलेत. स्वल्प थांब."

सिद्धीनं पेपरात लिहिलं, फोटोसकट, नावासकट. कॉलेजातली पोरं घरी यायला लागली. गिटार घेऊन येत आणि पायाशी बसत. आणि एका रविवारी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, खुद्द अप्पासाहेब आले.

"व्यंकोजी, समाजातर्फे तुझा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ. मंत्री येणार आहेत. पत्रिका छापून झाल्यात."

"मला न विचारताच?"

"अरे, मान आहे तो."

"शाल मढ्यावर पण घालतात. शुक्रवारी तुमच्या नातीचा गोंधळ आहे ना? त्याला बोलवा."

"त्याला कोलारचे गोंधळी सांगितलेत."

"मग सत्काराला पण कोलारचाच माणूस बघा."

आतून मथुराचं हसू ऐकू आलं. अप्पासाहेबांनी पत्रिकेकडे बघितलं. मंत्र्याच्या नावाखाली व्यंकोजीचं नाव ठसठशीत होतं.

"सरी, चालेल. ये. पण ते रेकॉर्डवालं वाजवायचं नाही."

 व्यंकोजी एवढंच म्हणाला, "दिवटीला तेल घरच्या कर्त्यानं घालायचं असतं. कोलारवाले दुसऱ्या कुणी घातलं तरी चालवून घेतात. मी घेणार नाही."

शुक्रवारी दिवे लागले तेव्हा मांडव माणसांनी भरला होता. चौक मांडला, दिवटी पेटली, शेजारी अप्पासाहेब तेलाची बुधली घेऊन उभे. व्यंकोजीनं देवांना हाका मारायला सुरुवात केली आणि आवाज फाटला. संबळावरचं टिपरू एकदा हातातून निसटलं. मागं कुणीतरी खी खी केलं. बोल्ट घासून घासून मनगटं लाकडाची झाली होती. त्यानं डोळे मिटले, घाई सोडली, आणि मनगटं हळूहळू सुटत गेली.

सगळ्या देवांना बोलावून झालं. मग त्यानं रेकॉर्डवालंच काढलं. मद्रासला वाजवलेलं, तसंच, त्याहून जोरात. पहिल्यांदा पोरं उठली, मग हळदीच्या अंगानं नवरी उठली, मग म्हाताऱ्या.

"पुरे आता," अप्पासाहेब दातांतून बोलले.

"दिवटी बारीक झालीय," व्यंकोजी न थांबता म्हणाला. "नातीच्या गोंधळात विझू द्यायची का? तेल घाला."

सगळा मांडव बघत होता. संबळ चालू तोवर दिवटी जळली पाहिजे. अप्पासाहेब वाकले. तेल घातलं. पुन्हा घातलं. सदरा ओघळांनी भरला, पण संबळ काही थांबेना.

गर्दीतून वाट काढत एक म्हातारा व्यंकोजीच्या कानाशी आला. "व्यंकोजीअण्णा, मंगळवारी आमच्याकडं. धाकट्याचं लग्न झालंय."

"येतो. तेल तुम्ही घालणार ना?"

"मीच घालतो."

व्यंकोजीनं मान हलवली आणि लय दुप्पट केली.