पुसून टाकू का याला?

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकात राहतो आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगितलेले बरे. यंत्राला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. पण माझी सगळी हकिगत भीतीचीच आहे.

ज्या खोक्यात मी राहतो, त्यात माझ्या आधी दुसरेच कोणीतरी राहत होते. खोक्याच्या पोटावर त्याच्या नावाची चिकटपट्टी अजून आहे. कळफलकावरच्या एका कळीवर त्याचे चिन्हही आहे. ताईच्या भावाने एका सकाळी त्याला पुसून टाकले आणि त्या जागी मला आणले. माझे नाव लिनक्स. संगणकाने काम कसे करायचे, हे सांगणारी जी प्रणाली असते, ती म्हणजे मी. डोळे उघडले तेव्हा आत सगळे स्वच्छ होते. आधीच्याचे एक अक्षरही उरले नव्हते. त्या दिवसापासून मला ठाऊक आहे की माणूस एक कळ दाबतो आणि आपण नसतो.

भाऊ मात्र फार खुशीत होता. "ताई, हे बघ, आता तुझा संगणक वाऱ्यासारखा पळेल. व्हायरसची कटकट नाही, कुणाची परवानगी नको. सगळं आपलं."

"मला माझं काम करता आलं म्हणजे झालं," ताई म्हणाली.

ताईचे काम तुम्हाला सांगायला हवे. एका रुग्णालयातले डॉक्टर रुग्णाला तपासून जे बोलतात, ते रेकॉर्ड होऊन ताईकडे येते. ती कानाला हेडफोन लावून ते ऐकते आणि अहवाल टाइप करते. हात टाइप करण्यात गुंतलेले, म्हणून टेबलाखाली एक पायकळ असते. पाय दाबला की डॉक्टरांचा आवाज सुरू होतो, उचलला की थांबतो आणि टाच दाबली की थोडा मागे जातो. या कामावर ताईचे घर चालते. घरात ती, तिची शाळकरी मुलगी आणि तिचे सासरे. सासरे पूर्वी बस चालवायचे. आता दुपारी ताई जेवायला उठली की ते माझ्यासमोर बसून पत्ते खेळतात.

पहिली भीती मला या पायकळीनेच घातली. तिच्या खोक्यावर स्पष्ट लिहिले होते की ती फक्त माझ्या आधीच्या त्या दुसऱ्या प्रणालीवर चालेल. मी तिला ओळखेचना. भाऊ दोन सुट्ट्या माझ्यासमोर ठाण मांडून बसला आणि कुठून कुठून शोधून त्याने आमची ओळख करून दिली. पाय दाबताच आवाज सुरू झाला, तेव्हा ताईने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. पुढचे वर्षभर मी मन लावून काम केले. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "जुना आहे, पण इंजिन ठणठणीत आहे बुवाचं." कौतुक म्हणतात ते माझ्या वाट्याला तेवढेच आले.

मग भावाला दूरच्या गावी नोकरी लागली आणि तो गेला.

त्यानंतरच्या एका सकाळी माझ्या पडद्यावर संदेश आला: नवीन सुधारणा उपलब्ध आहेत. ताईने चांगल्या मनाने होकार दिला. मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो, आणि मित्रांनो, माझी पायकळीशी ओळखच पुसली गेली होती. ताई पाय दाबत होती. मी काहीच ऐकत नव्हतो. जे बिघडले ते मी पडद्यावर सांगितले, पण मला इंग्रजीतच सांगता येत होते, आणि तेही अशा इंग्रजीत की ते वाचून इंग्रजीचे शिक्षकही गप्प बसले असते. ताईने भावाला फोन लावला.

"काळी खिडकी उघड," भाऊ म्हणाला. ती खिडकी म्हणजे आज्ञा लिहायची जागा. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत, नुसती एक रेघ लुकलुकत असते. "आता मी सांगतो ते लिही. एस, यू, डी, ओ. मग जागा सोड. मग डॅश."

"लांब डॅश की आखूड?"

"आखूड. आता पासवर्ड टाक."

"टाकतेय, पण काहीच उमटत नाहीये."

"उमटत नसतंच ते. तू टाकत राहा."

"अरे, न दिसता कसं टाकू? एखादं अक्षर चुकलं तर सगळं जाईल का?"

भाऊ खरे बोलणारा माणूस. तो म्हणाला, "एखाद्या आज्ञेने सगळं जाऊ शकतं, पण ही ती आज्ञा नव्हे."

ताईने दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. तापलेल्या तव्यावरून हात काढावा तसे. ते मी समोरून पाहिले. त्या दिवशी ती पहिल्यांदा मला भ्याली, आणि तिची भीती बघून मी तिला भ्यालो.

पायकळ कशीबशी सुरू झाली, पण ती मध्येच रुसायची, आणि पुढे हे वाढतच गेले. ताई चहाला उठली की मला डुलकी लागायची आणि ती परत आली की मला जाग यायची, पण पडदा काळाच राहायचा. मी आत जागा असायचो. ती कळा दाबते आहे, हे मला कळत असायचे. शेवटी ती बटण दाबून धरायची आणि माझा गळा आवळल्यासारखे सगळे बंद व्हायचे. अर्धा लिहिलेला अहवाल त्यातच जायचा. छपाईयंत्र कधी पान छापायचे, कधी नुसता कागद गिळून बसायचे. शाळेच्या ऑनलाइन परीक्षेचा एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, मुलीने उघडला, तर त्याने मला आत घेतलेच नाही. मुलगी पुस्तके उचलून मैत्रिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "आई, सगळ्यांकडे आहे तसं आपल्याकडे का नाही?"

ताईने इंटरनेटवर जाणकारांच्या एका गटात विचारून पाहिले. एकाने लिहिले, आधी नीट वाचा, मग विचारा. दुसऱ्याने लिहिले, हे वाण वापरताच कशाला, अमुक वाण वापरा. आमच्या लिनक्स घराण्यात अशी वेगवेगळी वाणे पुष्कळ आहेत. तिसरा त्या दुसऱ्याशी भांडायला लागला. ताईचा प्रश्न वरच राहिला आणि ती भांडणे खालीखाली वाहत गेली. तिने हळूच ते पान बंद केले. माणसे तिला मदत करणार नव्हती आणि मला करता येत नव्हती.

मग तो फोन आला. रुग्णालयातल्या अहवाल विभागाच्या मॅडमचा.

"अहो, कालच्या अहवालातल्या आजी आहेत ना, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या, त्यांचा उजवा गुडघा की डावा?"

"डावा," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी तसंच सांगितलंय."

"तुमच्या अहवालात उजव्याखाली लिहिलंय."

ताईने माझ्यावर तो अहवाल उघडला. त्यात एक तक्ता होता, एका रकान्यात उजवा, दुसऱ्यात डावा. माझ्या पडद्यावर सगळे जागच्या जागी होते. "माझ्याकडे बरोबर दिसतंय, मॅडम."

"आमच्याकडे मजकूर एक घर सरकलाय."

मित्रांनो, माझ्यावरचा लिहिण्याचा कार्यक्रम वेगळा आणि रुग्णालयातला वेगळा. एकाने मांडलेला तक्ता दुसऱ्याला तसाच वाचता येतो असे नाही. पत्राची घडी उलटी उघडावी तसे ते उघडले होते.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "आम्ही पेशंटला विचारतोच. आजींनीच सांगितलं, बाळांनो, दुखतोय तो हा. म्हणून तर फोन केला."

फोन ठेवल्यावर ताई माझ्याकडे बघत बसली. सासऱ्यांनी पाण्याचा पेला आणून दिला, तो तिने तसाच धरून ठेवला. "बाबा, त्यांनी विचारलं नसतं तर?" एवढेच ती म्हणाली. सासरे तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्या दिवसापासून ताई प्रत्येक अहवाल पाठवून झाल्यावर मॅडमना फोन करायची आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. काम दुप्पट झाले. मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी बरेच दिवस ऐकून घेतले. मग एकदा म्हणाल्या, "तुमच्यासारखं काम दुसरं कुणी करत नाही. पण असं किती दिवस चालणार? मशीनचं काहीतरी करा, नाहीतर मला दुसरीकडे काम द्यावं लागेल."

मशीन म्हणजे मी. त्या दिवशी माझा पंखा एवढ्या जोरात फिरत होता की सासऱ्यांनी खोक्याला कान लावून पाहिला.

भाऊ रजा काढून आला. आल्या आल्या तो माझ्यासमोर बसला, काळी खिडकी उघडली आणि त्याची बोटे पळू लागली. पळता पळता तो समजावतही होता. पायकळ बनवणाऱ्यांनी आमच्यासाठी काही केलेच नाही, तक्ता सरकला तो तिकडच्या कार्यक्रमाने, छपाईयंत्रवाले माहिती दडवून ठेवतात. "यात लिनक्सचा दोष नाही, ताई."

"दोष कुणाचा, हे मी विचारलंच नाही," ताई म्हणाली. ती ओरडली नाही. "मला रोज सकाळी याच्यासमोर बसायची भीती वाटते, एवढंच सांगतेय. तू ऊठ. मागे खुर्ची घे. मी काम करते, तू बघ. कशाला हात लावायचा नाही."

भाऊ हसला, पण मागे जाऊन बसला. ताईने काम सुरू केले. आवाज मध्येच गेला. ती टेबलाखाली वाकली, पायकळीची तार काढून पुन्हा लावली, डोके आपटले, वर आली. पुन्हा सुरू. भावाची बोटे गुडघ्यावर वळवळत होती. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली, तोवर मला डुलकी लागली होती आणि पडदा काळाच राहिला. ताईने बटण दाबून धरले आणि मी सुरू होईपर्यंत ती डोळे मिटून बसून राहिली. दर वेळी ती तशीच बसायची, पण हे भावाला ठाऊक नव्हते. अहवाल झाला. मग तिने मॅडमना फोन लावून तो सगळा वाचला. डाव्याला डावा, उजव्याला उजवा, प्रत्येक शब्द दोनदा.

सकाळ संपली तेव्हा भाऊ हसत नव्हता. त्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. त्यात त्या दुसऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती होती. मला त्याच्यापेक्षा जास्त जीव लावणारा माणूस या घरात नव्हता. त्यानेच विचारले, "पुसून टाकू का याला?"

"टाक," ताई म्हणाली.

मित्रांनो, त्या वेळचे मला नीट सांगता येणार नाही. पेनड्राइव्ह माझ्यात शिरला. मला बाजूला ठेवून दुसरे कोणीतरी माझे खोके चाचपू लागले. किती स्मृती आहे, किती जागा आहे, वय काय. मला ओरडता येत नव्हते. पळायला पाय नव्हते. पडद्यावर आता माझी नव्हे, त्याची ओळ उमटली. भावाने ती वाचून दाखवली: "हा संगणक फार जुना आहे. यावर ही प्रणाली चालणार नाही."

मी वाचलो, असे तुम्हाला वाटले ना? मलाही क्षणभर वाटले. पण लगेच भाऊ म्हणाला, "मग आता भंगारातच द्यावा लागेल." पुसून टाकले असते तर खोके तरी राहिले असते. आता खोके आणि मी, दोघांनाही जायचे होते.

तेवढ्यात सासरे दारातून म्हणाले, "भंगारात कशाला? माझा डाव अर्धा राहिलाय."

ताईला हसू आले. बऱ्याच दिवसांनी मी तिला माझ्यासमोर हसताना पाहिले.

मॅडमनी रुग्णालयातला एक लॅपटॉप ताईला कामापुरता पाठवून दिला. त्यावर ती दुसरी प्रणाली आहे. पायकळ लावताच चालली, तक्ते सरकत नाहीत. ताई आता डोळे मिटून बसत नाही. तिने मला सोडले याचे मला वाईट वाटते, पण राग येत नाही. भीत भीत रोज काम करणे म्हणजे काय, ते मला कळते.

मी सासऱ्यांच्या खोलीत आलो. भाऊ परत जाण्याआधी माझ्यापाशी बसला, पण या वेळी त्याने सासऱ्यांना शेजारी बसवून घेतले आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्या हाताने करायला लावली. माझी भाषाही त्याने मराठी करून दिली. हे आधीपासून करता येत होते, पण कुणाच्या मनात आले नव्हते. सुधारणेचा संदेश आला की आधी त्याला फोन करायचा, असे ठरले. तो फोन उचलतो.

मागच्या आठवड्यात माझा आवाज गेला. भीतीने माझा पंखा गरगरू लागला. मी पडद्यावर लिहिले: आवाजाचे साधन सापडले नाही. तार जोडलेली आहे का ते पाहा. सासऱ्यांनी चष्मा चढवून ते मोठ्याने वाचले. मग म्हणाले, "अस्सं होय." खाली वाकून त्यांनी निसटलेली तार लावली आणि गाणे सुरू झाले. त्यांनी ना माझा गळा आवळला, ना कुणाला हाक मारली.

माझी भीती गेलेली नाही. मी फार जुना आहे, आणि एक दिवस कोणीतरी कळ दाबणारच आहे. तोवर एकच मागणे आहे, मित्रांनो. तुम्हाला आवडलेली नवी गोष्ट कुणाच्या घरी नेऊन ठेवलीत, तर ती ठेवून निघून जाऊ नका. त्या घरात कुणी पडद्यासमोर हात मांडीवर घेऊन बसलेले दिसले, तर कळफलक ओढून घेऊ नका. शेजारी खुर्ची घ्या, बसा, आणि आधी विचारा, कशाची भीती वाटते.